संग-रोकला बाहेर काढा!

बेसबॉलमधला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, कधी बदलावा हे मला कळतं. ही बढाई नव्हे. काही लोकांना गाणं कळतं, काहींना किमचीतलं मीठ कळतं, मला पिचर कळतो. आमच्या मोकपो शार्क्सच्या कोचला तो कळत नाही, आणि तरी त्या कामाचा पगार त्याला मिळतो, मला नाही. पण हा देशाच्या एकूण व्यवस्थेचा प्रश्न असल्यामुळे मी त्यात पडत नाही. मी एका माध्यमिक शाळेचा उपमुख्याध्यापक आहे. व्यवस्थेत न पडणं हेच आमचं काम असतं.

तर त्या वर्षी सोलवाल्यांशी आमची पाच सामन्यांची मालिका चालू होती. चौथ्या सामन्यानंतर दोन-दोन अशी बरोबरी झाली. दुसरा सामना आम्ही कोचच्या हट्टापायी घालवला होता, कारण आमचा पिचर संग-रोक थकलाय हे सगळ्या मोकपोला दिसत होतं आणि कोचला दिसत नव्हतं. चौथ्या सामन्यात पुन्हा तीच लक्षणं दिसू लागली, तेव्हा मी टीव्हीसमोर उभा राहून कोचला दोन शब्द सुनावले. दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावरची यू-राची आई दारात उभी होती.

"उपमुख्याध्यापक साहेब, तुम्ही शिक्षक ना?"

"हो तर."

"मग माझी यू-रा गणितं सोडवत असताना तुम्ही कुणाला बाहेर काढताय?"

"पिचरला."

"रोज?"

"तो रोज आत राहतो ना."

यू-रा बारावीला होती. आमच्याकडे त्या परीक्षेच्या दिवशी आवाज नको म्हणून विमानंसुद्धा आकाशात ताटकळत ठेवतात, तिथे माझ्या घशाची काय कथा! मी कमरेत वाकून माफी मागितली. दार लावून वळलो तर आमची ही हात पुसत उभी. म्हणाली, "दोनच मार्ग आहेत. तोंड बाहेर न्या, नाहीतर टीव्ही बाहेर न्या."

पाचवा, निकाली सामना रविवारी दुपारी होता. मी ठरवलं, दोन्ही बाहेर न्यायचं. आमच्या सोसायटीत ज्येष्ठांची एक मोठी खोली आहे, गरम फरशीची. तिथे पडदा लावायचा, शेजारीपाजारी बोलवायचे आणि मोकळ्या आवाजात सामना बघायचा. इतकी साधी गोष्ट. पण साध्या गोष्टींत शेजारी पडले की काय होतं, हे ज्याला शेजारी आहेत त्याला सांगायला नको.

इथे संग-रोकच्या आईबद्दल सांगायला हवं, कारण खरी अडचण तिथेच होती. सोसायटीच्या फाटकाशी तिचं तोंडीलावण्यांचं दुकान आहे. तिचा मुलगा शार्क्सचा पिचर आहे, पण ती त्याचे सामने बघत नाही.  सामन्याच्या दिवशी ती टीव्हीची वायरच काढून ठेवते आणि घरात लसूण सोलत बसते. सामना संपला की पहिला जो दिसेल त्याला विचारते, "काय झालं?" आणि ज्याला विचारलं त्याने "उत्तम टाकला हो!" असं म्हणायचं, हा आमच्या सोसायटीचा अलिखित कायदा होता. गेली कित्येक वर्षं तो कायदा सर्वांत निष्ठेने मी पाळत होतो. मी तिच्या मुलाचा मोठा भक्त आहे, अशी तिची समजूत होती.

भक्त मी होतोच. पण भक्ताला डोळे असतात. संग-रोक सदतिशीला टेकला होता, खांद्यावर दोनदा शस्त्रक्रिया झालेली. सहा डाव तो देवासारखा टाकायचा. सातव्यात त्याचा चेंडू वर राहायला लागायचा आणि आठव्यात समोरचा फलंदाज तो चेंडू प्रेक्षकांत पाठवायचा. सहा डाव झाले की त्याला बाहेर काढा, हे माझं मत सोसायटीतल्या कुत्र्यांनाही पाठ होतं. फक्त त्याच्या आईला ते ठाऊक नव्हतं आणि होऊ द्यायचं नव्हतं. त्यात हा बहुधा त्याचा शेवटचा हंगाम होता. ती बाई दुखावली असती तर मला माझंच तोंड आवडलं नसतं, आणि सोसायटीला दुसरं फाटकही नाही.

माझ्या मताला विरोध करणारा माणूस म्हणजे लाँड्रीवाला बांग. तो माझ्याहून काही महिन्यांनीच मोठा आहे, पण मोठा तो मोठा, त्यामुळे मला त्याला 'दादा' म्हणावं लागतं. "दादा, तुम्हाला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही," असं आदराने म्हणावं लागतं, त्यात भांडणाची निम्मी मजा जाते.

"गुरुजी," बांग म्हणायचा, "पिचरच्या छातीत किती दम आहे ते तुमच्या आकड्यांत दिसत नाही."

"आणि खांद्यात किती दम उरलाय ते तुमच्या इस्त्रीतून दिसतं वाटतं, दादा?"

असो. खोलीच्या परवानगीसाठी मी सोसायटीच्या अध्यक्षांकडे गेलो. त्यांनी मला व्यवस्थापक यॉम यांच्याकडे पाठवलं. यॉम यांनी नियम दाखवला, की खोली पासष्टच्या पुढच्यांसाठी आहे आणि खोलीचा निर्णय फक्त खोलीच्या अध्यक्षा घेतात. म्हणून मी ग्वाक आजींकडे गेलो. त्या पत्ते पिसत होत्या. मी रीतसर बसून, मी अठ्ठावन्न वर्षांचा असूनही विशेष बाब म्हणून मला परवानगी मिळावी, अशी विनंती केली.

आजींनी चष्म्यावरून माझ्याकडे नीट पाहिलं. "अठ्ठावन्न? अगं बाई! मला वाटलं तू आमचाच सभासद आहेस. मागच्या वर्षापासून तुझ्या नावाने जेवणाचा डबा येतो, तो मीच खाते."

परवानगी मिळाली, पण मी घरी जाऊन बराच वेळ आरशासमोर उभा होतो.

रविवारी दुपारी खोली भरली. आम्ही मोकपोची माणसं, आंबवलेल्या माशाशिवाय सामना बघत नाही, म्हणून बांगने तो आणला. आज्यांनी चव घेतली आणि मासा अजून कच्चा आहे, नाकात झणका येत नाही, असा निकाल देऊन सगळा संपवला. मग कुणीतरी धिरडी तळायला विजेचा तवा लावला. दुसऱ्या कुणीतरी म्हटलं, एका तव्याने काय होणार? दुसरा तवा आला. भाताचा कुकर आला. ग्वाक आजींनी गुडघ्यांसाठी विजेची गादी पसरली, त्यांच्या मैत्रिणींनी आपापल्या पसरल्या. मी सगळ्यांना सांगत होतो की एवढा भार पेलणार नाही. पण मी भौतिकशास्त्राचा माणूस नाही, नागरिकशास्त्राचा आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. पाचव्या डावात, आम्ही दोन-एकने पुढे असताना, पडदा काळा झाला आणि फ्यूजच्या पेटीतून धूर आला.

"रविवारी वायरमन येत नाही," पहारेकरी होंगकाका समाधानाने म्हणाले. त्यांना नकार द्यायला आवडतं.

शेवटी त्यांनीच व्यवस्थापकाचं कार्यालय उघडून दिलं, कारण तेही शार्क्सचे होते. तिथे टीव्ही होता. पण अजून बरीच मंडळी यायची होती आणि ती जाऊन अंधाऱ्या खोलीत आज्यांवर आदळली असती. त्यांना कळवायचं कसं? माझी नजर टेबलावरच्या माइककडे गेली.

आमच्या सोसायटीत प्रत्येक घराच्या छताला एक स्पीकर आहे. त्याला बटण नाही. तो बंद करता येत नाही आणि त्याचा आवाज कमीही करता येत नाही. कार्यालयातून बोललेलं सहाशे घरांना ऐकावंच लागतं. अशा यंत्रावर बोलायची परवानगी फक्त यॉम यांना. मी त्यांना फोन लावला. ते कुठल्याशा डोंगरावर चढत होते.

"घोषणा तीनच विषयांवर करता येते," ते धापा टाकत म्हणाले. "पाण्याची टाकी, हरवलेला कुत्रा आणि आवाजाची तक्रार."

"मग मी आवाजाच्या तक्रारीवर करतो."

पलीकडून फक्त वारा ऐकू आला. मौन म्हणजे संमती असं मी धरलं आणि बटण दाबलं. छान टिंग-टाँग वाजलं. अनेक वर्षं शाळेच्या प्रार्थनेला माइकवर बोललेला माणूस मी, माझा आवाज माइकवर उघडतो. "सर्व रहिवाशांना नम्र विनंती. आज बेसबॉलमुळे कुणाच्याही अभ्यासात व्यत्यय येऊ नये, यासाठी सामना पाहणाऱ्यांनी आपापला आवाज घेऊन व्यवस्थापन कार्यालयात यावं. धन्यवाद." मी पुन्हा बटण दाबलं. बंद करताना परत टिंग-टाँग वाजतं, ते या वेळी वाजलं नाही. पण तेवढ्यात टीव्हीवर सहावा डाव सुरू झाला होता.

सहावा डाव संग-रोकने झकास टाकला. तीन फलंदाज आले आणि तिघेही गेले. कोच जागचा हलला नाही. संग-रोक सातव्या डावासाठी पुन्हा मैदानात आला, आणि माझा तोल गेला.

"काढ रे त्याला! मिळालं तेवढं पुरे, आता काढ!"

"राहू द्या गुरुजी, रंगात आलाय तो."

"दादा, तुमच्या डोक्याला इस्त्री करा! पहिला चेंडू बघितलात? खांद्याच्या वर! सोलवाले आंधळे नाहीत!"

"तुम्ही सोलचे आहात की मोकपोचे?"

"मी शहाण्यांचा आहे! त्या कोचला, खालच्या मजल्यावरच्या बाईंसारखं, कधी थांबावं तेच कळत नाही. पोरीला जरा श्वास घेऊ देत नाही ती बाई!"

"तिला नावं ठेवू नका. ती निदान ग्वाक आजींसारखी पत्त्यांत लबाडी तरी करत नाही," बांग म्हणाला.

तेवढ्यात सोलच्या फलंदाजाने चेंडू दणकून मारला आणि स्वतः धावत दुसऱ्या तळावर, म्हणजे बेसवर, पोचला. पाठोपाठ आणखी एक जण पहिल्या तळावर आला. मी खुर्चीवर चढलो.

"संग-रोकला बाहेर काढा! त्याचा खांदा संपलाय, संपला! वर्षानुवर्षं त्याच्या आईला खोटं सांगतोय मी, 'उत्तम टाकला हो, उत्तम टाकला!' उत्तम कसला? मागच्या आठवड्यातला त्याचा चेंडू माझ्या आईनंसुद्धा मारला असता, आणि ती ब्याण्णव वर्षांची आहे!"

दार उघडलं. बाहेर सिगरेट ओढायला गेलेले होंगकाका आत आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"गुरुजी, तुम्ही बाहेर ऐकू येताय."

"कुठे बाहेर?"

"सगळीकडे. लिफ्टमध्येसुद्धा."

मी माइककडे पाहिलं. त्याचा लाल दिवा शांतपणे जळत होता. खुर्चीवरून उतरणं इतकं अवघड असतं हे मला तोवर माहीत नव्हतं. मी बटण दाबलं. या वेळी टिंग-टाँग अगदी स्पष्ट वाजलं.

मग टेबलावरचा फोन वाजायला लागला. पहिली आमची ही. "आई विचारतायत, मारू का म्हणून?" मग ग्वाक आजी. "लबाडी कोण करतं? त्या लाँड्रीवाल्याला फोन दे!" मग यू-राची आई. ती फक्त जोरजोरात श्वास घेत होती, आणि मागून यू-राचं हसणं ऐकू येत होतं. मग डोंगरावरून यॉम. कुणीतरी त्यांनाही कळवलं होतं. या सगळ्यांना मी तोंड दिलं. माणूस सहाशे घरांत एकदा उघडा पडला की त्याला एक प्रकारचा मोकळेपणा येतो. पण फोन पुन्हा वाजला, होंगकाकांनी तो उचलला, ऐकलं, आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

"संग-रोकची आई," ते हळूच म्हणाले.

 बांगने टीव्हीचा आवाज बंद केला. मला वाटलं, सरळ मोकपो सोडून जावं. बदलीचा अर्ज करता येतो, बेटांवर शाळा आहेत.

"ताई," मी म्हटलं, "मी काय तोंडाने..."

"पुढे काय झालं?"

"अं?"

"दोघं जण तळांवर आलेत इतकं ऐकलं आणि तुम्ही बंद केलंत. असं कुणी बंद करतं का? पुढे काय झालं?"

"ताई, मी जे बोललो त्याबद्दल..."

"त्याचं नंतर बघू. गुरुजी, तुम्ही खोटं सांगता हे मला पहिल्यापासून माहितीय. 'उत्तम टाकला' म्हणताना तुम्ही माझ्याकडे कधी बघत नाही, भोपळ्याच्या वड्यांकडे बघता." मग म्हणाली, "टीव्हीवर त्याचा चेहरा दाखवतात हो. तो मला बघवत नाही. तुमच्या बोलण्यात चेहरा नसतो. शिव्या ऐकवतात मला, चेहरा बघवत नाही. आज पहिल्यांदा त्याचा सामना चालू असताना मला कळत होता. लावा ते परत."

यॉम यांच्या तीन विषयांत हा विषय बसत नव्हता. मी बटण दाबलं.

टिंग-टाँग. "रहिवाशांनो," मी म्हटलं, आणि जे दिसत होतं तेच सांगायला लागलो. सातवा डाव, दोघं अजून तळांवरच, एकही बाद नाही. संग-रोकने कोपराने घाम पुसला. चेंडू खाली राहिला, चांगला खाली राहिला, फलंदाज हवेत बॅट फिरवून परत गेला. पुढचा चेंडू जमिनीवरून सरपटत गेला आणि एका झेपेत दोघं बाद झाले. तीन बाद, डाव संपला! समोरच्या इमारतीतून कुठूनतरी भांडं वाजवल्याचा आवाज आला. बांगने मला पाणी दिलं. त्याने मला स्वतःच्या हाताने काही द्यायची ही पहिलीच वेळ होती.

आठव्या डावात मी बरोबर ठरलो. हे सांगायलाच हवं. चेंडू वर राहायला लागला. दोघं बाद झाले खरे, पण तिन्ही तळ भरले, आम्ही अजून फक्त एका धावेने पुढे, आणि समोर सोलचा सर्वांत दांडगा फलंदाज. मी काहीही लपवलं नाही. "ताई, तो थकलाय," मी माइकवर म्हटलं. "खांदा वर येत नाहीये." आणि कोच एकदाचा उठला. कूर्मगतीने मैदानात चालत निघाला.

या क्षणाची मी किती वर्षं वाट बघितली होती! आता म्हणायचं होतं, बघा, मी सांगत नव्हतो? त्याऐवजी माझ्या तोंडून निघालं, "थांब जरा. एक फलंदाज दे त्याला अजून. एकच दे!"

"गुरुजी?" बांग म्हणाला. "आता तुम्ही?"

कोचने हात पुढे केला. संग-रोकने चेंडू त्याच्या हातात ठेवला. मी सांगितलं, चेंडू दिला. मी सांगितलं, तो परत चालत येतोय. लोक उठून उभे राहतायत, आपले सगळे, आणि ताई, सोलवालेपण उभे राहिलेत. त्याने टोपी काढली. इथे माझा आवाज गेला. उपमुख्याध्यापकाचा आवाज माइकवर असा जाणं शोभत नाही, पण गेला. मला त्या पोराचं फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त अभिमान वाटला. बांगने माइक आपल्याकडे ओढला आणि म्हणाला, "ताई, तो हात हलवतोय. सगळ्यांना हात हलवतोय."

नवा पिचर सरावाचे चेंडू टाकत होता तेवढ्यात दार उघडलं. संग-रोकची आई आली होती, चपलांत, हाताला लसणाचा वास. सगळे उठून उभे राहिले. तिने टीव्हीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"गेला ना आत?"

"गेला."

"बसला?"

"बसला. पाणी पितोय."

"खांद्याला बर्फ?"

"लावतायत."

तिने मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले. मग माझ्या खुर्चीवर बसली, बांगच्या ताटलीतलं उरलेलं धिरडं उचललं आणि म्हणाली, "हं. आता बघते."

तो सामना शेवटी आम्ही जिंकलो, पण ते नंतर. त्या वेळी मैदानात गुक-जिन नावाचा कोवळा पोरगा उभा होता, तळ भरलेले. पहिला चेंडू बाहेर गेला. ती धिरडं चावत राहिली. दुसरा बाहेर गेला. ती चावायची थांबली. तिसरा इतका बाहेर गेला की तो पकडायला आडवं पडावं लागलं. आणखी एक तसा गेला असता तर सोलला बरोबरीची धाव फुकट होती. ती खुर्चीतून उठली.

"अहो, हा काय टाकतोय? हा पिचर आहे की कोण आहे? काढा त्याला! गुरुजी, सांगा त्या कोचला, आधी काढा त्याला!"

माइकचा लाल दिवा चालूच होता. मी तिच्या बाहीला हात लावून हळूच म्हटलं, "ताई, जरा हळू. त्याचीही आई असेल. ती कुठेतरी ऐकत असेल."

"ऐकू दे!" ती म्हणाली आणि माइक स्वतःकडे ओढला. "अहो बाई, तुमच्या पोराला सांगा, कोपर वर ठेव म्हणावं!"